डावी सीट

“तू मांगे बस ना, चुड्या,” अभिनंदन म्हणाला आणि डाव्या बाजूचं दार त्यानं योहानसाठी स्वतःच्या हातानं उघडलं.

तेवढंच झालं. भांडण नाही, वाद नाही. सकाळचे सात वाजत होते, माझ्या पथारीवर वाळत घातलेली मिरची दवानं ओलसर पडलेली, देठ खुडणाऱ्या बाया अजून यायच्या होत्या, आणि मी नेहमीसारखा हसलो. माझं हसू गावात बदनाम आहे. नंदुरबारात मी कुणाच्या मयतीला गेलो तरी लोक आधी आपापले खिसे चाचपतात, यानं काही टाकलं तर नाही ना म्हणून. “मांगे तर मांगे,” मी म्हटलं, “राजा लोक मांगेच बठतस.” अभिनंदन हसला नाही. त्यानं योहानच्या बाजूचं दार अलगद लावलं, सासऱ्याला बसवून लावतात तसं. मी मागे शिरलो. ती गाडी पुढच्या दोघांसाठीच केलेली. मागे माणूस बसला की गुडघे हनुवटीला लागतात. बसलो, समोर योहानची मान दिसली, मानेवरचे केस ताजे कापलेले, आणि एकदम धक्का बसला. जिना उतरताना शेवटची पायरी नसतेच, तसं. तो धक्का माझ्या ओळखीचा होता. नऊ वर्षांपूर्वी याच गाडीत पहिल्यांदा पेट्रोल तुटलं तेव्हा असाच बसला होता. फक्त तेव्हा मी पुढे होतो.

तेव्हा आम्हाला कळलंच नव्हतं काय झालं ते. अभिनंदननं ही टर्बोची गाडी सुरतेहून जुनी आणलेली. कापडाच्या दुकानाचं शटर भावाच्या भरवशावर टाकायचा आणि सरळ माझ्या पथारीवर यायचा. टर्बो म्हणजे काय, इंजिनच्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो. हवा जास्त, पेट्रोल जास्त, गाडी पळते. पण कंपनी त्याला लगाम घालून ठेवते: एक बारीक नळी टर्बोचं प्रेशर झडपेला सांगते, आणि हद्द आली की झडप उघडून त्याचा जोर काढून घेते. मी ती नळी पाहिली आणि मला आमच्या पपईतलं ठिबक आठवलं. ठिबकची प्लास्टिकची तोटी, बोटाएवढी. ती मी त्या नळीत मध्येच अडकवली. तोटी थोडी उघडली की हवा वाटेतच निसटते, झडपेला वाटतं प्रेशर अजून कमीच आहे, ती गप्प बसते आणि टर्बो फुगत जातो. माणसं चकवणं मला लहानपणापासून येतं. बन्सीलालच्या रिक्षाचा भोंगा मी ब्रेकला जोडून दिला होता, बिचारा तीन दिवस थांबेल तिथे ओरडत फिरत होता. पण लोखंडालाही चकवता येतं हे मला त्या दिवशी कळलं. दोंडाईच्याच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये अभिनंदननं पाय दाबला, सीट पाठीला चिकटली, आणि मग धाड. जणू गाडीच्या छातीवर समोरून कुणी तळहात ठेवला. माझं कपाळ काचेला लागलं. गाडी परत सुटली, परत धाड. अभिनंदननं बाजूला घेतली, आम्ही दोघं एकमेकांकडे पाहिलं आणि इतके हसलो की मी दार उघडून खाली बसलो. नंतर शोधून काढलं: हवेचं प्रेशर बारमध्ये मोजतात, ते सव्वाच्या वर गेलं की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलच तोडतो. एवढ्या हवेला पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतात, म्हणून. मारून वाचवतो, आमच्या मास्तरांसारखा.

मग मी मीटर आणलं. गोल, काळं, पांढऱ्या काट्याचं, थेट टर्बोच्या नळीवर चालणारं. आणि ते मी डाव्या सीटच्या समोर, काचेच्या खांबाला, असं तिरकं बसवलं की डावीकडे बसणाऱ्यालाच दिसेल. “माल्हे काबरं दिसत नही?” अभिनंदननं विचारलं होतं. “नळी तिकडे पुरत नही,” मी सांगितलं. नळी हातभर उरली होती. ती मी डॅशबोर्डच्या पोटात गुंडाळून कोंबली, अजून तिथंच आहे. मस्करी म्हणून केलं होतं, उद्या सांगू म्हणून. सांगायचं राहिलं. कारण दुसऱ्या दिवसापासून अभिनंदन माझ्याशिवाय पाय दाबेना. तो रस्ता बघायचा, मी काटा. सात, आठ, नऊ, असे बारचे दशांश, मग पूर्ण एक, एक-एक, सोड. सोड म्हटलं की त्याचा पाय उठायचा, धक्का बसायच्या एक केसभर आधी. विचार करून नाही उठायचा. माझा आवाज त्याच्या डोक्यात न जाता सरळ पायात जायचा. बायकोला मी दहा वेळा हाक मारतो तेव्हा ती काय म्हणून विचारते. त्या माणसाचा पाय मात्र माझ्या एका शब्दावर होता, नऊ वर्षं. ही काय चीज असते ते ज्याला मिळाली नाही त्याला सांगून कळणार नाही.

“दहा मिनिटं लागतील,” योहान पुढून म्हणाला. मांडीवरचा लॅपटॉप त्यानं सीटवर ठेवला. “फाइल भरते आहे. बोनेट उघडंच राहू द्या, गार होऊ द्या.” हे असं बोलतो तो. शाळेतली मराठी, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातलेला. नवापूरच्या पलीकडच्या डोंगरातला, घरी डोंगरातल्या कोकणा लोकांची कोकणी बोलतात, बाप शेती करायचा, हा सुरतेत आठ वर्षं गाड्यांच्या कॉम्प्युटरचं काम शिकला. बायकोला, सुषमाला, गावच्या शाळेत नोकरी लागली म्हणून परत आला. त्याच्या मराठीचं मला काही नाही. मला जे खुपतं ते असं की त्याच्याशी बोलताना अभिनंदनही तसाच बोलतो. “चला योहानभाऊ, तोवर चहा घेऊया.” घेऊया म्हणे. पहिलीपासून माझ्याशी अहिराणीत शिव्या देणारा हा मारवाड्याचा पोरगा, आणि चार महिन्यांपूर्वी आलेल्या माणसापुढे कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायला आल्यासारखा बोलतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं अभिनंदनला बरं नाही.

दोघं रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेले. मला चल म्हणाले होते, मी गुडघा अडकला म्हटलं. काचेतून दिसत होते. योहान काहीतरी हातवारे करून समजावत होता, बोटांनी हवेत चढ काढत होता, आणि अभिनंदन मान हलवत होता, इतक्या भक्तीनं की त्यांच्या जैन महाराजांच्या व्याख्यानातही मी त्याला तसं पाहिलं नाही. योहानच्या हातात डबा होता. कंकुबाईंचा पितळी डबा, खाखऱ्याचा. अभिनंदनची आई गेली नऊ वर्षं तो डबा माझ्या हातात द्यायची. “चुडामण, ये राख, ओ तो भूल जासी,” म्हणायची. आज तो त्याच्याकडे. मग तिनं कुणाच्या हातात दिला, का अभिनंदननं दिला, हे मी बसून मोजत राहिलो. एकदा मनात असंही आलं की कंकुबाईंना सहज सांगावं, योहानच्या घरी काय काय शिजतं ते. आलं खरं मनात. लगेच त्यावर पाय ठेवला, पण आलं होतं, आणि ते मी पाहिलं होतं.

येत्या रविवारी डांगातल्या घाटात डोंगर चढायची शर्यत होती. गाडीत चालवणारा आणि सोबती, दोनच. तीन वर्षं आम्ही बोलत होतो, जाऊ, जाऊ. मी तर शर्ट घेऊन ठेवला होता, पाठीवर माझं नाव छापून, आणि अभिनंदनच्या शर्टावर ‘हमाल’ छापून आणणार होतो. आज सकाळी त्याला सहज विचारलं, मग रविवारी किती वाजता निघायचं, तर तो तोटीकडे बघत म्हणाला, “दखू. योहानभाऊ काय म्हणस ते.” आणि योहानभाऊ म्हणाले होते की मागची सीट काढून टाकली तर तीस किलो कमी होतील. माझ्या वाट्याला आलेली सीटसुद्धा पाच दिवसांनी गाडीत राहणार नव्हती.

मी उतरलो. गुडघा व्यवस्थित होता. बोनेट उघडं, माझी तोटी जागच्या जागी, नऊ वर्षांच्या उन्हानं पिवळी पडलेली. योहाननं सगळं बदललं होतं, पण ती ठेवली होती. “चांगली कल्पना आहे,” एवढंच म्हणाला होता, आणि मला ते कौतुक पोरांच्या पाठीवरच्या थापेसारखं लागलं होतं. सकाळी त्यानं ती बंद करून, शाईनं खूण करून ठेवली होती. मी दोन बोटांनी धरली. एक आटा. मग दुसरा. एवढ्यात काही बिघडत नाही, मी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंच होतं, मला माहीत होतं तेवढ्यात तरी. हा शहाणा लॅपटॉप मांडीवर घेऊन पुढे बसेल, अभिनंदन पाय दाबेल, हवा सव्वाच्या वर जाईल, पेट्रोल तुटेल, धाड. योहानचं कपाळ काचेला. अभिनंदन म्हणेल, योहानभाऊ, हे काय? आणि मागून मी सावकाश म्हणेन, काटा कोणी वाचत नव्हता वाटतं. इतकं गोड वाटलं की मी एकटाच हसलो. बोनेट मीच लावलं. पथारीवर ढीग फोडून मिरचीचा ओलावा बघत होतो मघाशी, हात तसेच होते. आमच्या धंद्यात हात धुऊन काही होत नाही. मिरची कातडीत राहते. म्हणून मिरचीवाले डोळ्याला बोट लावत नाहीत. रडू आलं तर खांद्यानं पुसतात. माझा बाप आजीच्या तिरडीपाशी असाच उभा होता, पक्ष्यासारखा मान वाकडी करून.

तापीकडे जाणारा नवा रस्ता बांधून झालेला, पण लोकांसाठी अजून उघडायचा होता. चार किलोमीटर सरळ, दोन्ही बाजूंना कापूस निघून गेलेली रानं. वॉचमन आमशा अभिनंदनच्या दुकानातून पोरीच्या लग्नाचं कापड नेलेला. त्यानं पिंप सरकवून वाट दिली. गाडी हळू चालली होती, इंजिन गरम करत. योहाननं लॅपटॉप उघडला. उजेड त्याच्या हनुवटीवर पडला. मी मागच्या सीटच्या मधोमध सरकलो, तेव्हा त्याच्या खांद्यावरून मला माझं मीटर दिसलं. काटा शून्याच्या खाली, शांत. तो त्याच्याकडे बघत नव्हता. त्याला काय, त्याला सगळं पडद्यावर.

“अभिनंदनभाई, आज निवांत दाबा,” तो म्हणाला. “आता तो धक्का बसणार नाही.”

“काबरं?” मी मागून विचारलं. मग त्याला कळावं म्हणून, “का?”

“डबी लावली आहे एक, चुडामणभाऊ.” तो अर्धवट वळला. माझ्याशी बोलताना तो नेहमी वळतो, हेही मला आवडत नाही, त्यानं पाठीमागे बोलावं म्हणजे मला बरं. “सेन्सरच्या वायरवर. प्रेशर कितीही गेलं तरी कॉम्प्युटरला एक-एकच्या वर आकडा कळतच नाही. त्यामुळे तो पेट्रोल तोडत नाही.”

“म्हणजे त्याच्याशी खोटं बोलायचं.”

“थोडे दिवस. जास्त पेट्रोल सोडणारे मोठे इंजेक्टर सुरतेहून येईपर्यंत.” तो हसला, पहिल्यांदाच. “म्हणून तर तुमची तोटी बंद केली. हवा एक-एकच्या पुढे जाणारच नाही, मग डबी असली नसली सारखंच. काळजी करू नका.”

मला काळजी वाटते असं त्याला वाटलं होतं. मी मागे टेकलो. पाठीला सीटची शिवण टोचत होती आणि मी त्या शिवणीचा विचार करायचा प्रयत्न केला. डबी. माझी तोटी झडपेशी खोटं बोलते. त्याची डबी कॉम्प्युटरशी खोटं बोलते. कॉम्प्युटर लॅपटॉपला तेच सांगतो जे त्याला कळतं, म्हणजे पडद्यावर एक-एकच्या पुढे काही येणारच नाही. धक्का बसणार नाही. आता थांबवणारं कुणी नाही. हवा चढत जाईल आणि पेट्रोल तिला पुरणार नाही आणि सगळे एकमेकांना ठीक आहे, ठीक आहे सांगत राहतील. या गाडीत खरं बोलणारा एकच उरला होता, तो पांढरा काटा, आणि त्याच्याकडे फक्त मी बघत होतो. आणि तोटी उघडणाराही मीच.

सांगायला काय लागतं? थांब रे अभ्या, मी तोटी उघडली. सहा शब्द. मस्करी केली म्हणायचं, दात काढायचे, शिव्या खायच्या. आयुष्यभर हेच केलं आहे, पकडलं गेलं की आधी मीच हसतो. पण ते शब्द तोंडात घेतले आणि त्यांची चव पाहिली. योहान वळून बघेल. रागावणार नाही. रागावला असता तर सांगितलं असतं. तो म्हणेल, ठीक आहे चुडामणभाऊ, बरं झालं सांगितलंत. आणि अभिनंदन काहीच म्हणणार नाही, फक्त आरशातून बघेल, आणि त्या बघण्यात रविवार जाईल, आणि त्याच्यानंतरचे सगळे रविवार. उद्यापासून गाडी माझ्या पथारीवर येणार नाही. पुढच्या वेळी, मी ठरवलं. पहिल्या फेरीला अभिनंदन पूर्ण दाबत नाही, नऊ वर्षं बघतोय, पहिली फेरी तो लाजत लाजत मारतो. ती झाली की उतरायचं, लघवीला म्हणून, बोनेट उघडायला काहीतरी निमित्त, आणि तोटी बंद. कुणाला कळणार नाही. देवा, पहिली फेरी लाजत मारू दे.

“दाबू?” अभिनंदननं विचारलं. योहानला.

“पूर्ण.”

आणि त्यानं पूर्ण दाबला. त्या माणसाच्या एका शब्दावर, पहिल्याच फेरीला, लाज नाही काही नाही. शेवरीचं एक झाड होतं पुढे, ते वाढायला लागलं. दुसरा गिअर. इंजिनचा आवाज आधी खालून आला, मग सगळीकडून. काटा शून्य ओलांडून वर निघाला, आणि मला आठवलं, शाळेत असताना अभिनंदनला पोहायला मीच शिकवलं होतं, विहिरीत, पोटाखाली हात धरून, आणि एक दिवस हात काढून घेतला तर त्याला कळलंच नाही, पोहत गेला. मी काठावर उभा राहून त्याला ओरडून सांगितलं होतं, अरे मी धरलंच नाहीये. तो लगेच बुडाला. का सांगितलं मी तेव्हा? मला त्याचं बुडणं नको होतं. माझा हात नाही हे त्याला माहीत असावं, एवढंच हवं होतं.

“नऊ,” योहान पडद्याकडे बघत म्हणाला. “एक. एक-एक. एक-एक. छान. एक-एकवर धरलंय.”

त्याचा आवाज चांगला होता. सपाट, न घाबरणारा. आकडे म्हणायला माझ्यापेक्षा चांगला आवाज. काटा एक-दोनवर होता. तिसरा गिअर. एक-तीन. “एक-एक,” योहान म्हणाला. मला खरंच सांगायचं आहे इथे, म्हणजे जे झालं तसं: मला भीती वाटत होती, आणि तरी त्या भीतीच्या खाली, विहिरीत दगड चकाकतो तसं, एक बारीकसं सुख होतं. चुकतोय. हा शहाणा चुकतोय, छाती काढून चुकतोय आणि त्याला माहीत नाही. एवढ्या सुखासाठी मी आणखी एक क्षण गप्प बसलो. मोजायला गेलं तर एक क्षणच. काटा एक-चारवर आला आणि इंजिनच्या आत कुणीतरी ज्वारीच्या लाह्या फोडायला लागलं. तट, तट, तट.

“सोड,” मी म्हटलं.

ओरडलो नाही. नेहमीच्या आवाजात, नेहमीसारखं. आणि अभिनंदनचा पाय उठला. विचारलं नाही, वळला नाही, पाय आधी उठला, मग त्याचा चेहरा आरशात आला, स्वतःच्याच पायाचं नवल वाटल्यासारखा. गाडी सैल पडली. लाह्या थांबल्या. वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. नऊ वर्षांत तो शब्द मी इतका बरोबर कधी म्हटला नव्हता, आणि त्या क्षणी, मेलो तरी लाजेन असं सुख मला झालं. मी मागे आहे, तो पुढे आहे, आणि पाय अजून माझा आहे.

“काय व्हयनं?” अभिनंदन म्हणाला. अहिराणीत.

“एक-चार व्हता काटा.”

योहाननं मान वर केली आणि पहिल्यांदा मीटरकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग परत मीटरकडे. गाडी शेवरीच्या झाडाखाली थांबली, तो उतरला, बोनेट उघडलं. आम्ही दोघं त्याच्या मागे उभे राहिलो. त्यानं वाकून तोटीवरची शाईची खूण पाहिली, बोटांनी धरली आणि बंद करत गेला. मोठ्यानं मोजलं नाही, पण ओठ हलले. दोन. “कंपनानं सैल होते कधी कधी,” तो म्हणाला. “माझं चुकलं. तार बांधायला पाहिजे होती. आणि काटा बघायला पाहिजे होता, पडदा नव्हे.” त्यानं घाम पुसायला बोट कपाळावरून नेलं आणि तसंच डोळ्याखालून.

तो खाली बसला. आधी एक डोळा, मग चोळायला दुसरा हात, तोही त्याच तोटीवरचा, मग दुसरा डोळा. रस्त्यावर उकिडवा बसून तोंड उघडून श्वास घेत होता आणि गालांवरून पाणी नुसतं वाहत होतं. अभिनंदननं बाटली आणली, त्याचं डोकं मागे धरून पाणी ओतलं. मग अभिनंदन उठला, तोटीपाशी गेला, बोट लावलं, आणि जिभेवर ठेवलं. व्यापाऱ्याचा पोरगा. जिभेवर ठेवून मिरचीचा भाव सांगतात आमच्याकडे. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मी हसायचा प्रयत्न केला. हसू आलं होतं, ओठांपर्यंत आलं होतं.

“लवंगी शे,” अभिनंदन म्हणाला. “कालदिनना माल.”

आणि त्यानं बोनेट लावलं.

“चुडामणभाऊ, तुम्ही पुढे बसा,” योहान म्हणाला. डोळे मिटलेले, रुमाल ओला करून त्यावर दाबलेला. “मला काही दिसत नाही. परत जाताना काटा कुणीतरी बघायला हवा.”

तर असा मी डाव्या सीटवर बसलो. दार मीच उघडलं. सीट त्याच्या पाठीनं गरम होती. पायाशी कंकुबाईंचा डबा होता, तो मी मांडीवर घेतला, मग परत खाली ठेवला. अभिनंदन तीसच्या वर गेला नाही. बैलगाडीनं मागे टाकलं असतं. काटा शून्याच्या खाली पडून राहिला, म्हणण्यासारखं काही नाही, सात नाही, आठ नाही. मला वाटत होतं तो शिव्या देईल. शाळेपासून दिल्या आहेत, आईवरून, बापावरून, पार मिरचीवरून. तो आरसा नीट करत होता, सारखा सारखा, आणि आरशात योहान होता.

गावाजवळ रेल्वेचं फाटक बंद होतं. भुसावळकडची मालगाडी यायची होती. शेजारच्या रिक्षात दोन बाया, त्यांच्या मांडीवर कोंबडी. कोंबडीनं माझ्याकडे पाहिलं. इंजिन नुसतं चालू होतं.

“चुडामणभाऊ,” योहान मागून म्हणाला. “काटा कितीवर आहे?”

“शून्याच्या खाली सहा.”

“स्थिर आहे की थरथरतो?”

मी वाकून पाहिलं. काटा जागेवर नव्हता. अगदी बारीक, थंडीत ओठ हलतात तसा हलत होता. सकाळी मागच्या सीटवरून पाहिला तेव्हा शांत होता. आतली एखादी झडप जळाली की असं होतं, हे नऊ वर्षांत मलाही कळलेलं. म्हणजे इंजिन खोलावं लागणार. म्हणजे रविवार नाही. कुणाचाच.

“थरथरी ऱ्हायना,” मी म्हटलं.

अभिनंदननं माझ्याकडे पाहिलं. सबंध वाटेत पहिल्यांदा. “मस्करी नको आते.”

“नही रे. थरथरी ऱ्हायना. तू दख.”

त्यानं मान लांब केली, वाकला. मीटर त्याला दिसत नव्हतं. मीच बसवलं होतं ते तसं. “तुन्हा काय भरोसा,” तो म्हणाला, आणि तेही रागानं नाही, दर विचारून नको म्हणतात तसं. शपथ घ्यावी तर माझ्या शपथांवर आम्ही दोघंच किती वेळा हसलो होतो.

“खरं सांगताहेत ते,” योहान म्हणाला. “मला ऐकू येतंय. तिसऱ्या सिलिंडरला आहे.”

अभिनंदननं लगेच मान हलवली. गाडी बंद केली. माझा शब्द त्यानं योहानच्या साक्षीवर घेतला. मी आरशात पाहिलं: रुमालाखाली दोन्ही डोळे मिटलेले, नाक लाल, मान एका बाजूला कलती, बाळ झोपलंय का ते ऐकत बसल्यासारखी. त्याला सगळं कळलं होतं, शेवरीखाली, ओठ हलले तेव्हाच. कंपनानं सैल झाली म्हणाला होता. आणि हे सगळं समजूनही, फाटकापाशी, त्या कोंबडीसमोर, माझ्या मनात पहिली कोणती गोष्ट आली सांगू? हा डोळे मिटून ऐकतो. मला काटा लागतो.

मी डॅशबोर्डाखाली हात घातला. गुंडाळलेली नळी तिथंच होती, धुळीनं माखलेली. ओढली तशी सुटत आली, हातभर. मीटरचे दोन स्क्रू नखानंच निघाले. ते मी अभिनंदनच्या बाजूला, स्टिअरिंगच्या वर, टेकवून धरलं. नळी पुरली. उरलीसुद्धा.

“हाई कवयपासून?” त्यानं विचारलं.

“पहिल्यापासून.”

तो मीटरकडे बघत राहिला. बंद इंजिनचा काटा शून्यावर होता. मालगाडी आली आणि डबे जायला लागले, एकामागून एक, आणि तोपर्यंत मी ते तसंच धरून बसलो, हात भरून आला तरी, मान वाकडी करून, डोळे खांद्याला पुसत.